तेविसाव्या भिंतीची विहीर

बॅटरीवर त्यांना सगळे जाळमास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, आणि शिकतानाही फारसे रमले नव्हते. पण जाळ ओळखावा तर त्यांनीच, असं बॅटरीवरचा शेंबडा नवखासुद्धा पहिल्या आठवड्यात शिकायचा.

ही बॅटरी म्हणजे कोळसा भाजून कोक करायच्या भट्ट्यांची रांग. पावाचे काप उभे करून ठेवावेत तशा चाळीस अरुंद, उंच भट्ट्या एकमेकींना खेटून उभ्या, आणि प्रत्येकीच्या दोन्ही अंगांना विटांची पोकळ भिंत. जाळ भट्टीत नसतोच, तो या भिंतींच्या पोटात असतो. कोळसा भट्टीत कोंडायचा, हवा लागू द्यायची नाही, आणि दोन्हीकडच्या भिंतींच्या आचेवर अठरा तास भाजायचा. वायू, डांबर, पाणी सगळं निघून जातं आणि मागे राहतो तो कोक. त्याच्यावर पुढे लोखंड वितळतं.

अशा एकेचाळीस भिंती, आणि प्रत्येक भिंतीत अठ्ठावीस उभ्या पोकळ्या. प्रत्येक पोकळीच्या तळाशी गॅसची एक तोटी. बॅटरीच्या छतावर उभं राहून वाटीएवढं लोखंडी झाकण आकड्याने उचललं की तीन पुरुष खोल जाळ दिसायचा, म्हणून सगळे त्यांना विहिरी म्हणत. प्रत्येक पाळीत भिंतीमागे ठरलेल्या दोन विहिरींचं तापमान पिस्तुलासारख्या तापमापकाने, म्हणजे गनने, मोजायचं, बाकीच्या डोळ्यांनी बघायच्या. मास्तर लाकडी तळाचे बूट घालून, मान तिरकी करून एकेक झाकण उचलत जायचे आणि रंग सांगायचे. लिंबाच्या सालीचा पिवळा असला की विहीर ठणठणीत. अंड्याच्या बलकावर गेला की तोटीत कचरा बसायला लागलाय. संत्र्यावर गेला की विहीर मेलीच म्हणायची, भोवतालच्या विटांच्या उबेवर तेवढी लाल राहिली आहे. चौतीस वर्षांत गन आणि मास्तर यांच्यात चार-पाचदा वाजलं होतं, आणि दर वेळी गनच दुरुस्तीला पाठवावी लागली होती.

बॅटरी एकदा पेटली की विझवायची नसते. गार पडली तर विटा तडकतात आणि सगळा पसारा मोडीत काढावा लागतो. त्यामुळे मास्तर कामाला लागले त्याच्याही आधी कुणीतरी पेटवलेला जाळ ते अजून राखत होते. याचा त्यांना अभिमान होता, पण तो ते बोलून दाखवत नसत. बोलायचा तो त्यांचा मित्र. तो ढकलगाडी चालवायचा, म्हणजे भाजून झालेला कोक भट्टीच्या एका दारातून लांबलचक लोखंडी दांड्याने दुसऱ्या दाराबाहेर ढकलायचा, म्हणून त्याचं नाव ढकल्या पडलं होतं. त्याची स्वतःची बायकोही आता त्याला ढकल्याच म्हणायची.

मास्तरांची बायको घरी शिवणकाम करायची. दोन खोल्या आणि एक ओटा एवढंच घर. त्यातली रस्त्याकडची खोली मशीनने आणि कापडाच्या गठ्ठ्यांनी व्यापलेली. लग्न झालं त्या वर्षी एकदा तिने नवऱ्याला येता येता कोटाच्या कापडाला जुळणारा दोरा आणायला सांगितला होता. मास्तरांनी कापडाचा तुकडा न नेताच, नुसत्या आठवणीवर रीळ आणलं, आणि ते इतकं बेमालूम जुळलं की शिवण शोधावी लागली. तेव्हापासून दोरा आणायचं काम मास्तरांचंच. कापड एकदा डोळ्यांखालून घालायचं आणि संध्याकाळी रीळ खिशातून काढून मशीनवर ठेवायचं. बायको ते कापडावर धरायची, मान हलवायची. वर्षानुवर्षं त्यांच्यात प्रेमाचं असं बोलणं फार कमी झालं, पण ती मान हलायची तेव्हा मास्तरांची दिवसभराची आच उतरायची.

निवृत्तीला अडीच वर्षं उरली असताना मास्तरांना विहिरी जरा थकल्यासारख्या वाटायला लागल्या. लिंबाच्या सालीतलं तेज गेल्यासारखं. त्यांना वाटलं, बॅटरीच म्हातारी झाली. आपणही झालोय, ती कशाला मागे राहील. ते झाकण उचलायचे, डोळे बारीक करायचे, थोडा वेळ जास्त लावायचे आणि पुढे जायचे. वर्तमानपत्र जरा लांब धरायचे, मग जरा जवळ. दिव्यांभोवती तांबूस कडं दिसायचं, ते त्यांना दिव्याच्या काचेवरच्या धुळीमुळे वाटायचं. बायकोने दोनदा काच पुसली. तिसऱ्यांदा पुसताना ती म्हणाली, "एकदा डोळे दाखवून या ना."

"माझे?" मास्तर हसले. "माझ्या डोळ्यांवर चाळीस भट्ट्या चालतात."

तिने फडकं झटकलं आणि मशीनवर जाऊन बसली.

ज्या दिवशी तेविसावी भट्टी अडकली, त्या दिवशी सकाळची पाळी होती. ऊन स्वच्छ होतं. दोन्हीकडची दारं काढून झाली होती, पलीकडे लाल कोक झेलायला गाडी उभी होती. ढकल्याने दांडा आत घातला आणि नेहमीप्रमाणे दांड्यावरचा जोर दाखवणाऱ्या काट्याकडे बघितलं. कोक नीट भाजला की आकसतो, भिंतीपासून सुटतो, आणि लोण्यात सुरी जावी तसा पुढे सरकतो. काटा थोडा उठतो आणि खाली बसतो. त्या दिवशी काटा उठला आणि उठतच राहिला. पलीकडून कुणीतरी ओरडलं की पिवळा धूर येतोय. पिवळा धूर म्हणजे आतला माल कच्चा. ढकल्याने दांडा मागे घेतला, दम खाल्ला, पुन्हा एकदा हलक्या हाताने लावून पाहिला. काटा पुन्हा चढला. तिसऱ्यांदा त्याने प्रयत्नच केला नाही. जोर केला असता तर भिंत आत वाकली असती, आणि वाकलेली भिंत पुन्हा सरळ होत नाही.

"अडकली," त्याने खाली येऊन सांगितलं. एवढंच.

मग पाच तास माणसं लांब गजांनी तो माल ओढून ओढून काढत होती. दोन मिनिटं दारासमोर, दहा मिनिटं मागे सावलीत, पाण्याचा तांब्या डोक्यावर. एकाच्या भुवया करपल्या. बाकी कुणाला काही झालं नाही, ते नशीब म्हणायचं. शेजारच्या भट्ट्यांचं वेळापत्रक कोलमडलं. मास्तर छपन्न वर्षांचे, त्यांनी गजाला हात लावायची गरज नव्हती. तरी ते लावत होते. माल पलीकडच्या टोकाला कच्चा राहिला होता, म्हणजे दोष भिंतीच्या त्याच टोकाच्या विहिरींत असणार, हे त्यांना पहिल्या मिनिटालाच कळलं होतं. आणि तेविसाव्या भिंतीच्या त्या विहिरी आपण आजच सकाळी पाहिल्या, हेही त्यांना आठवत होतं. रजिस्टरात त्यांच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं, 'सव्वीस ते अठ्ठावीस, ठीक.' काल तेच. परवाही तेच.

भट्टी मोकळी झाल्यावर ते वर गेले. मागोमाग इंजिनिअर मॅडम आल्या. तापमान आणि गॅस त्यांच्या अखत्यारीत होता. बत्तीस-तेहतीसच्या, बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. तीन वर्षांपूर्वी आल्या तेव्हा पहिल्याच दिवशी मास्तरांना म्हणाल्या होत्या, "मला आकडे कळतात, जाळ कळत नाही. शिकवाल का?" तेव्हापासून मास्तर त्यांच्याबद्दल कुणी वेडंवाकडं बोललेलं ऐकून घेत नसत.

मास्तरांनी सत्ताविसाव्या विहिरीचं झाकण उचललं, वाकून पाहिलं आणि बाजूला झाले.

"मॅडम, जरा बघा. काय दिसतं?"

मॅडमनी जाळ बघायची निळी काच डोळ्यांसमोर धरली, मग काढून नुसतंच पाहिलं. "लाल. काळपटच म्हणा ना."

"आणि ही पंचविसावी?"

"पिवळी. चांगली आहे."

मास्तरांनी दोन्ही पुन्हा पाहिल्या. एकदा, दोनदा. मग गुडघ्यांवर हात टेकून अगदी खाली वाकले, इतके की मॅडमनी त्यांचा दंड धरला. त्यांना दोन्हीकडे एकच रंग दिसत होता, बलकावर धुकं धरल्यासारखा. त्यांनी झाकणं बंद केली.

खाली चहाच्या टपरीमागे ढकल्या वाट बघत होता. त्याने सगळं ओळखलंच होतं. "हे बघ," तो हळूच म्हणाला, "तोटी काय, कधीही तुंबते. तू पाहिलीस तेव्हा बरी होती, मग तुंबली. तीन तोट्या एकदम तुंबल्या, असं झालंच नाही का कधी? मी होतोच इथे. मॅडम काही उलटं बोलायच्या नाहीत."

"एवढी भिंत गार व्हायला तीन दिवस लागतात. कडेचा तो कच्चा माल तुला दिसला नाही?"

"मला दिसला. साहेबांना दिसायची गरज नाही."

मास्तरांनी चहा संपवला. ढकल्या आपल्यासाठी खोटं बोलायला एका पायावर तयार आहे, याचं त्यांना बरंही वाटलं आणि वाईटही. "पुढच्या वेळी तू काटा बघायच्या आत भिंत बसली तर?" ते म्हणाले. "आणि समोर कुणी उभं असलं तर?"

ढकल्याने मास्तरांचा कप घेतला आणि आपल्या कपाबरोबर स्वतःच विसळला. इतक्या वर्षांत त्याने कधी कप विसळला नव्हता.

मास्तर बॅटरीच्या साहेबांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "विहिरी तीन दिवस मेलेल्या होत्या. मी रोज पाहिल्या. मला दिसल्या नाहीत. माझे डोळे गेलेत."

साहेब तसे भले होते. ते बराच वेळ पेनाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, डॉक्टरांचा कागद येईपर्यंत छतावर जायचं नाही, खाली कंट्रोल रूममध्ये बसायचं. यात शिक्षा अशी काही नव्हती, तरी मास्तरांना ती शिक्षेसारखी लागली, कारण साहेब इतक्या हळू आवाजात बोलले होते.

घरी आले तेव्हा बायको पडद्यांना पट्टी लावत होती. मास्तर ओट्यावर बसले, बूट काढले, आणि पायांकडे बघत सगळं सांगितलं. मशीन थांबलं. तिने मधे एकदाही टोकलं नाही. सांगून झाल्यावर ती उठली, आणि मशीनखालचा, गुडघ्याशी असतो तो छोटा खण ओढून त्यांच्या मांडीवर आणून ठेवला.

त्यात रिळं होती. अकरा. सगळी कोरी, एकेक वेढाही न सुटलेली.

"हे काय?"

"तुम्ही आणलेली. गेल्या आठ महिन्यांतली." ती त्यांच्या शेजारी बसली. "पांढरं सांगितलं तर साईच्या रंगाचं आणलंत. निळ्याला हिरवट आणलंत. मी दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर गेलात की जाऊन जुळणारं आणायची."

मास्तरांनी एक रीळ उचलून बघितलं. त्यांना ते अजूनही पांढरंच दिसत होतं. "पण तू मान हलवायचीस."

"हलवायची."

"बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही खिशातून रीळ काढताना तुमचं तोंड कसं होतं ते तुम्हाला कुठे दिसतं." तिने खणातलं एक रीळ सरळ करून ठेवलं. "एकदा म्हटलं होतं, डोळे दाखवा. तुम्ही हसलात. मग मलाच वाटलं, दोऱ्यापुरतं आहे तर चालतंय. दोऱ्याने कुणाचं काय बिघडतं? जाळाचं माझ्या डोक्यातच आलं नाही हो. आलं असतं तर मी तुम्हाला हाताला धरून नेलं असतं."

मास्तरांना राग आला. खरंच आला. आठ महिने आपल्याला मुलासारखं खेळवलं, असं त्यांच्या तोंडाशी आलं. पण ती त्यांच्याकडे न बघता आपल्या बोटांवरचे सुईचे टोच बघत होती. त्यांना दिसलं की तीही मनाने त्या तेविसाव्या भट्टीसमोर जाऊन उभी राहिलीये, त्यांच्याइतकीच. मग रागाला बसायला जागाच राहिली नाही.

"अकरा रिळं," ते म्हणाले. "एकदोनदा चुकून तरी बरोबर आणलं असेल की नाही?"

"काळं," ती म्हणाली. "काळं नेहमी बरोबर असायचं."

दोघंही हसले. ती पदराने डोळे टिपत हसली.

डॉक्टर तरुण होते आणि भराभर बोलत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. वर्षानुवर्षं जाळाकडे बघणाऱ्यांना होतो असा. आधी उजवा करू, दोन-तीन महिन्यांनी डावा. मास्तरांनी एवढंच विचारलं, "रंग दिसतील?" डॉक्टर म्हणाले, "दिसतील म्हणजे काय, तुम्हाला वाटेल कुणी घर रंगवून काढलंय."

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली त्या सकाळी दवाखान्यात पलंगाशी बायको बसली होती. आधी मास्तरांना भिंत दिसली, आणि ती इतकी पांढरी होती की निळी वाटत होती. मग चादर. मग खिडकीतून येणारा उजेड, ज्याच्याभोवती कसलंही कडं नव्हतं. मग ते बायकोकडे वळले, आणि बघतच राहिले.

"काय झालं?" ती घाबरली. "दिसत नाहीये का?"

"दिसतंय. तू इतकी पिकलीस कधी?"

"तुम्हाला दिसत नव्हतं तेव्हा." तिने केसांवरून हात फिरवला. "सावकाश, पुरेसा वेळ घेऊन."

मास्तरांनी हाताने उजवा डोळा झाकला आणि डाव्याने पाहिलं. मग डावा झाकून उजव्याने. असं तीनचारदा केलं. शेजारच्या पलंगावरचा म्हातारा कुतूहलाने बघायला लागला.

"हे काय चाललंय?"

"डाव्याला तू पस्तिशीची दिसतेस," मास्तर म्हणाले. "उजव्याला आहेस तेवढी."

"मग कुठला डोळा ठेवायचा ठरवलंत?"

"उजवा," ते म्हणाले, आणि थट्टेत म्हणाले नव्हते. तिच्या कपाळावर, भुवयांच्या मधे, सुईत दोरा ओवताना पडते ती आठी आता कायमची बसली होती. ती त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. त्यांनी बोट लावून पाहिलं. तिने आजूबाजूला बघून त्यांचा हात खाली केला, पण सोडला नाही.

महिन्याभराने डॉक्टरांचा कागद घेऊन मास्तर छतावर गेले. सोबत मॅडम होत्या. पहिल्या भिंतीचं पहिलं झाकण उचललं आणि वाकले. तळाशी जो रंग होता तो त्यांच्या ओळखीचाच नव्हता. लिंबाची साल नाही, बलक नाही, फिकट, पांढुरका, कडेला निळसर. त्यांनी डाव्या डोळ्याने पाहिलं; तिथे जुनं धुकट पिवळं होतं. पुढची विहीर पाहिली. तिच्यापुढची पाहिली.

"मॅडम," ते शेवटी म्हणाले, "मला काही कळत नाहीये."

"म्हणजे दिसत नाही?"

"दिसतंय. सगळं लख्ख दिसतंय. पण कुठला रंग चांगला आणि कुठला वाईट, ते मला आता ठाऊक नाही. मी जे पाठ केलं होतं ते या डोळ्याचं नव्हतंच. ते वर्षानुवर्षं पिवळं होत गेलेल्या डोळ्याचं होतं. चौतीस वर्षं पाण्यात गेली."

ते झाकणाशेजारी उभे राहिले. लाकडी तळातून आच पायांपर्यंत येत होती. खाली ढकलगाडीची घंटा झाली, कुठल्यातरी भट्टीतला कोक बाहेर पडला, लाल उजेड छताच्या कडेवर चढून उतरला. मॅडमनी हातातली वही उघडली, मिटली.

"मला तुम्हाला एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. "भट्टी अडकली त्याच्या आदल्या दिवशी मी तुमच्या मागून येत होते. सत्ताविसाव्या विहिरीचं झाकण तुम्ही लावायच्या आत मला खाली दिसलं होतं. मला ती लाल वाटली."

मास्तरांनी मान वर केली.

"वाटलं, माझंच चुकलं असेल. तुम्ही 'ठीक' लिहिलंत. तुमच्यापुढे मी कोण बोलणार? म्हणून गप्प बसले." त्यांचा आवाज खाली गेला. "साहेबांना तुम्ही स्वतःचं एकट्याचं नाव सांगितलंत. मी तेव्हाही गप्प बसले. रोज घरी जाऊन मला ते आठवतं."

मास्तरांना घरातला तो छोटा खण आठवला. बायको गप्प बसली, मॅडम गप्प बसल्या, ढकल्या तर त्यांच्यासाठी खोटं बोलायला निघाला होता. एवढी माणसं आपल्याला जपत होती, आणि त्या जपण्यातच भट्टी अडकली. त्यांना मॅडमवर रागवावंसं वाटलं नाही. आपण असे कसे वागत आलो की कुणाला आपल्यापुढे तोंड उघडवेना, हाच विचार त्यांना जास्त लागला.

"मॅडम, तुम्हाला ती लाल दिसली ना? मग ती लाल होती," ते म्हणाले. "आता एक करू. गन आणा. ठरलेल्या दोनच नाही, सगळ्या विहिरी मोजू. आधी मी सांगेन मला काय दिसतं, मग तुम्ही सांगा, मग गन. तिन्ही लिहा. माझी लाज राखायची नाही."

"अकराशे अठ्ठेचाळीस विहिरी आहेत."

"मला कुठे जायचंय? दीड वर्ष आहे अजून."

तीन आठवडे लागले. रोज सकाळी दोन-तीन भिंती. पहिले काही दिवस मास्तर इतके चुकत होते की मॅडमनाच अवघड व्हायचं. ते म्हणायचे "बरी", गन म्हणायची आजारी. ते म्हणायचे "गेली", गन म्हणायची ठणठणीत. मॅडम आकडा सांगताना आवाज बारीक करायच्या, आणि मास्तर म्हणायचे, "मोठ्याने, मोठ्याने. मोतीबिंदू कानात नव्हता." पाचव्या दिवशी त्यांना निरोगी विहिरीचा नवा रंग सापडला. सोललेल्या नासपतीचा. मॅडमना तो तसा दिसत नव्हता. त्यांच्या मते तो कच्च्या मक्याच्या दाण्याचा होता. मास्तर म्हणाले, हरकत नाही, तुम्ही मका लिहा, मी नासपती लिहितो. रजिस्टराच्या मागच्या पानावर दोन रांगा तयार झाल्या. साहेब एकदा ते पान उघडून बघून गेले आणि बाहेर कुणालातरी म्हणाले की हे बॅटरीचं रजिस्टर आहे की भाजीबाजाराचं.

अडतिसाव्या भिंतीपाशी दोघांचं वाजलं. मास्तर म्हणाले, नासपती. मॅडम म्हणाल्या, नाही, ही उतरली आहे. मास्तरांनी पुन्हा पाहिलं, पुन्हा नासपतीच म्हणाले, आणि नेहमीच्या सवयीने पुढच्या झाकणाला आकडा लावला. मॅडम जागच्या हलल्या नाहीत. "थांबा," त्या म्हणाल्या, "मला पटलेलं नाही." गन लावली. विहीर सत्तर अंशांनी उतरलेली होती. मास्तर गनवरच्या आकड्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते बघून मॅडमनाही हसू आवरेना. त्या दिवशी घरी जाऊन मास्तरांनी बायकोला दोनदा सांगितलं की आज आपण कसे चुकलो. आपल्या चुकीचं कौतुक त्यांनी कधी सांगितलेलं बायकोने ऐकलं नव्हतं.

सगळ्या बॅटरीत मिळून सहा विहिरी आजारी सापडल्या. सहाही तोट्या काढून साफ झाल्या. साहेबांनी कागद काढला की यापुढे विहिरी दोघांनी मिळून बघायच्या आणि दोघांची सही लागेल. ढकल्या म्हणाला, लग्नाच्या नोंदणीलासुद्धा इतक्या सह्या लागत नाहीत.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मास्तर दहा दिवस नसणार, म्हणजे दुसरा डोळा कुणाचा, हा प्रश्न आला. मॅडमनी कुणाला न विचारता ढकल्याचं नाव घातलं. ढकल्या म्हणाला, माझा जन्म बाजूने ढकलण्यात गेला, वरून डोकावणं मला जमायचं नाही. मॅडम म्हणाल्या, "काका, मलाही जमत नव्हतं."

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मास्तर घरी पडून होते, डाव्या डोळ्यावर पट्टी. उशाशी मशीन चालू होतं. बायको कामात होती, पण दर थोड्या वेळाने मशीन थांबवून ते झोपलेत की नाही ते बघत होती. फोन वाजला. तिने तो त्यांच्या कानाला लावून धरला. मॅडम होत्या. एकतिसाव्या भिंतीत एक विहीर उतरलेली सापडली होती. लगेच तोटी काढली, साफ केली, आता चढते आहे.

"आधी कुणी ओळखली?" मास्तरांनी विचारलं.

पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. "मी," ढकल्या म्हणाला. "या बाई म्हणत होत्या ठीक आहे. मी म्हटलं, ठीक नाही. मग गन लावली. मास्तर, खरं सांगू? मी उगाचच म्हटलं होतं. तू म्हणालास ना, गप्प बसायचं नाही. आणि निघालं खरं."

मास्तर पोट हलवून हसले, मग डॉक्टरांनी हसायला मनाई केली आहे ते आठवून गप्प झाले. "बरं केलंस," ते म्हणाले. "रंग कसला होता?"

"रंग? बाई काहीतरी मका म्हणतात. मला तर तो माझ्या बायकोच्या रागाच्या वेळच्या नाकासारखा दिसला."

"तसंच लिही," मास्तर म्हणाले.

बायकोने फोन ठेवला. "काय झालं?"

"एक विहीर उतरली होती. सापडली."

"तुम्ही नसताना?"

"मी नसताना," मास्तर म्हणाले. त्यांनी उशी सारखी केली, तिचा हात जरा वेळ आपल्याजवळ ठेवून घेतला, आणि भर दुपारी, मशीनच्या आवाजात, गाढ झोपले.